कोबेचा धक्का

जपानहून आल्यापासून चहाच्या टपरीवर, तहसीलच्या आवारात, लग्नाच्या पंगतीत, जो भेटेल तो दोनच प्रश्न विचारतो. बुलेट ट्रेनमध्ये बसलात का? आणि रस्त्यावर खरंच कागदाचा कपटा दिसत नाही का? दोन्हीची उत्तरं एकदाच देऊन टाकतो. बुलेट ट्रेनचं तिकीट परवडलं नाही. आणि हो, स्वच्छ आहे. पण त्यावर आजवर हजार पोस्टी पडल्यात, त्यात माझी एक कशाला?

मला लिहायचंय कोबे नावाच्या बंदराच्या शहराबद्दल. आम्ही नवरा-बायको तिथं शनिवार-रविवार असे दोनच दिवस होतो. फिरायलाच गेलो होतो. पण ही पोस्ट किल्लारी, सास्तूर, औसा, निलंगा, उमरगा, लोहारा भागातल्या मित्रांनी शेवटपर्यंत वाचावी अशी विनंती आहे. लांब झालीय. सवडीने वाचा.

आधी खर्चाचं सांगतो, कारण तालुक्याचा पत्रकार जपानला गेला म्हटल्यावर भुवया उंचावणारच. माझा मेहुणा ओसाकाला इंजिनियर आहे. "दाजी, तुम्ही नुसते पासपोर्ट काढा, बाकी माझ्यावर सोडा," म्हणाला. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. दिवाळीची सुट्टी होती. निघालो. नेमकं शनिवारी त्याला कंपनीत काम निघालं. मग त्यानं आम्हा दोघांना कोबेच्या गाडीत बसवून दिलं, हॉटेलचा पत्ता मोबाईलवर टाकला, आणि "ताई, वाट चुकलात तर फोन कर" म्हणून परत फिरला.

ओसाका ते कोबेचं सान्नोमिया स्टेशन, वीस-बावीस मिनिटं. लातूरहून औश्याला एसटी पोचायला याहून जास्त वेळ लागतो. कोबेची ठेवण एकदम सोपी. उत्तरेला रोक्को डोंगर, दक्षिणेला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत शहर. तिथली माणसं पत्ता सांगताना डावं-उजवं म्हणण्याऐवजी 'डोंगराकडं' आणि 'समुद्राकडं' असं सांगतात. आपल्याकडं नाही का, 'वरल्या आळीला', 'खालच्या वेशीला'. त्यामुळं आम्ही दोन दिवसांत एकदाही चुकलो नाही.

कोबे हे नाव दोन चिन्हांनी लिहितात, एक देवाचं आणि एक दाराचं. वाटतं, देवाचं दार. पण मूळ अर्थ वेगळा आहे. तिथल्या इकुता देवस्थानाची सेवा करणारी जी घरं होती, त्यांच्यावरून हे नाव आलं. म्हणजे आपल्याकडच्या इनामी गुरवांच्या वाडीसारखंच काहीतरी. बाराव्या शतकात तायरा नो कियोमोरी या सरदारानं इथलं जुनं बंदर सुधारलं, आणि ११८० साली तर राजधानीच इथं हलवली. ती टिकली सहा महिने! पुढं जपाननं दोनशेहून जास्त वर्षं बाहेरच्या जगाला दारं जवळपास बंद ठेवली. ती उघडली तेव्हा १ जानेवारी १८६८ ला हे बंदर परदेशी व्यापाराला मोकळं झालं. आजचं कोबे तिथून सुरू होतं.

सकाळी आधी डोंगराकडं गेलो, कितानो भागात. परदेशी व्यापाऱ्यांनी बांधलेले बंगले तिथं चढाच्या अरुंद गल्ल्यांत उभे आहेत. १९०९ सालचं लाल विटांचं एक घर, छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा, तो सगळ्या पोस्टकार्डांवर असतो. शेजारीच हिरव्या रंगाचं लाकडी घर, १९०३ चं, अमेरिकेच्या वकिलातीतल्या माणसाचं. थोडं खाली उतरलं की १९३५ सालची मशीद. जपानमधली पहिली. ती उभारायला हिंदुस्थानी आणि तातार व्यापाऱ्यांनी पैसा घातला होता. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत आजूबाजूचं शहर जळालं, ही उभी राहिली. आणि त्याच भागात चक्क जैन मंदिर, १९८५ सालचं, कोरीव संगमरवराचं.

आपली माणसं इथं कशी आली? त्याचं एक कारण भूकंपच आहे. जपानात व्यापार करणारे बरेच सिंधी, गुजराती आधी योकोहामाला होते. १९२३ च्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं, आणि त्यातले पुष्कळ कोबेला आले. एका भूकंपानं उठवलेली माणसं दुसऱ्या भूकंपाच्या शहरात वसली. त्यांना तेव्हा ते कुठं माहीत होतं.

हिरव्या घराच्या आवारात बायको एका जागी थांबली. बागेत विटांची एक धुराडी पडलेली. पडलेली म्हणजे, मुद्दाम तशीच ठेवलेली. १७ जानेवारी १९९५ ला ती छपरावरून खाली आली. छपरावर नवी बांधली, पण जुनी उचलली नाही. लोक तिच्या बाजूला उभं राहून फोटो काढतात.

"हे राहू कसं दिलं असंल?" ती म्हणाली. एवढंच.

इथं बायकोबद्दल सांगायला हवं. तिची परवानगी घेऊनच लिहितोय. ती ५२ गावांतली आहे. ज्यांना ५२ गावं म्हणजे काय हे सांगावं लागतं अशी पिढी आता आपल्यात आलीय, म्हणून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गावं दमून झोपलेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली ५२ गावं इतकी पडली की नव्या जागी वसवावी लागली. मेलेल्यांचा आकडा कोण आठ हजार सांगतं, कोण दहा हजार. बायको तेव्हा नऊ वर्षांची होती. ओसाकाचा मेहुणा तीन वर्षांचा. त्यांची आजी आणि चुलत बहीण त्या रात्री गेल्या. लग्नाला वीस वर्षं झाली. तिच्या तोंडून मी या विषयावर पुरी चार वाक्यं ऐकली नव्हती. तिच्या माहेरी हा विषय निघत नाही. बऱ्याच घरांत निघत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

कितानोतून उतरून समुद्राकडं निघालो. वाटेत जुन्या परदेशी वसाहतीचा भाग लागतो, बँका आणि कंपन्यांच्या दगडी इमारतींचा. तिथं पंधरा नंबरची कोठी म्हणून एक दुमजली इमारत आहे. १८८० च्या सुमाराची, एके काळी तिथं अमेरिकेची वकिलात होती. १९९५ मध्ये ती पूर्ण बसली. तीन वर्षांनी, तीच जुनी लाकडं जमतील तेवढी वापरून, पायाखाली भूकंपाचा हिसका गिळणारी यंत्रणा बसवून, पुन्हा उभी केली. आज आत लोक जेवत बसतात. पुढं नानकिनमाची, म्हणजे चिनी बाजार. सगळीकडं वाफाळते मांसाचे पाव. आमची ही माळकरी, त्यामुळं वासावरच पुढं सरकलो.

बंदराच्या काठावर मेरिकेन पार्क. लाल रंगाचा १०८ मीटरचा मनोरा, मधे बारीक, डमरू उभा ठेवावा तसा. समोर समुद्र. लग्नाचे फोटो काढणारी जोडपी, सायकली, लेकरं. मोठ्या पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत शहराचं नाव, त्याच्यापुढं फोटोला रांग. आम्हीही रांगेत उभं राहून काढला, टाकतो नंतर.

आणि त्या अक्षरांपासून थोड्या पावलांवर बंदराचा मोडका धक्का. धक्का म्हणजे बोटी लागतात तो. आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे, तिथं उभं राहिल्यावर पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं. सुमारे ६० मीटरचा तुकडा १७ जानेवारीला झाला होता तसाच राखलाय. काँक्रीटच्या लाद्या उलथ्यापालथ्या, पाण्यात अर्ध्या बुडालेल्या, दिव्याचे खांब तिरके. भोवती साधा कठडा, बाजूला फोटो आणि माहिती. तिकीट नाही, पहारेकरी नाही. आईस्क्रीम खात फिरणारा माणूस सहज त्याच्यासमोर येतो.

आम्ही तिथंच बाकावर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. खाता खाता मी मोबाईलवर माहिती वाचून दाखवत होतो. पहाटे ५ वाजून ४६ मिनिटं. जेमतेम वीस सेकंद. ६,४३४ माणसं. एक लाखाहून जास्त घरं पूर्ण पडली. उड्डाणपुलाचा ६०० मीटरहून लांब पट्टा खांबांसकट आडवा झाला. हे बंदर तेव्हा जगातल्या पहिल्या दहा कंटेनर बंदरांत होतं. दुरुस्तीला दोन वर्षं गेली. तोवर बोटी दुसऱ्या देशांच्या बंदरांकडं वळल्या, आणि पहिला नंबर काही परत आला नाही.

मग एक गोष्ट वाचली आणि मीच थांबलो. थेट भूकंपात मेलेल्यांपैकी बहुतेक माणसं घराखाली चिरडून, गुदमरून गेली. जुनी लाकडी घरं, वर मातीत बसवलेली जड कौलं. ही कौलं जड का? तर वादळात छप्पर उडू नये म्हणून. पिढ्यान्‌पिढ्या ते शहाणपणच होतं. भिंती मात्र आडव्या हिसक्याला तोलतील अशा नव्हत्या.

"आपलं माळवद," बायको म्हणाली.

बरोबर. आपली दगड-मातीची घरं, वर दीड-दोन फूट मातीचं माळवद. उन्हाळ्यात घर गार राहावं म्हणून. तेही शहाणपणच होतं. दर पावसाळ्याआधी वर मातीचा नवा थर चढायचा, ओझं वाढत जायचं. खालच्या भिंती चिखलात रचलेल्या. त्या रात्री भूकंपापेक्षा जास्त माणसं छपरानं मारली, हे आपल्याकडचे म्हातारे सांगतात, आणि कोबेचे म्हातारेही तेच सांगतात. आणखी एक साम्य. मोठे भूकंप टोकियोकडं होतात, आपल्याकडं नाही, असंच कोबेच्या लोकांना वाटायचं. आणि सरकारी नकाशावर आपला लातूर भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दोन्ही ठिकाणी लोक निर्धास्त झोपले होते. मधे अंतर फक्त सोळा महिन्यांचं.

रविवारी कुठं जायचं ते आदल्या रात्री बायकोनंच ठरवलं. मी म्हणत होतो, केबल कारनं डोंगरावर जाऊ. ती म्हणाली, "ते संग्रहालय बघू."

भूकंपाचं संग्रहालय शहराच्या पूर्वेला, समुद्रालगतच्या नव्या वसाहतीत आहे. २००२ साली सुरू झालं. आधी अंधारात पडद्यावर भूकंपाचे काही क्षण दाखवतात. ज्याला नको असेल त्याला बाहेरून पुढं जाता येतं, तसं आधीच सांगतात. बायको बाहेरून गेली. पुढच्या मजल्यावर लोकांनी दिलेल्या वस्तू. थांबलेली घड्याळं, वितळलेली नाणी, मोडकं खेळणं. प्रत्येक वस्तूशेजारी ती देणाऱ्याच्या शब्दांत तिची हकीगत.

तिथं कातारिबे असतात. कातारिबे म्हणजे सांगणारा. आपल्याकडं कथेकरी, कीर्तनकार, तसा. पण हे स्वतःवर गुजरलेलं सांगतात, आणि स्वयंसेवक म्हणून सांगतात. आमच्यासमोर होत्या त्या आजी ऐंशीच्या आसपासच्या. शेजारी एक गृहस्थ मोडक्या इंग्रजीत भाषांतर करत होते, आणि मी त्याहून मोडक्या इंग्रजीतून मराठीत. आजींनी आपल्या घराचा नकाशा कागदावर काढला. इथं मी झोपले होते, इथं सासूबाई, इथं कपाट. कपाट पडलं ते माझ्यावर तिरकं अडकलं म्हणून मी जगले, सासूबाईंच्या बाजूला आधार नव्हता. शेजारच्या तांदूळवाल्यानं गाडीचा जॅक आणून तुळई उचलली. हे सगळं त्या अजिबात रडत नव्हत्या, कितीतरी वेळा सांगून झालेलं असावं. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्ही कुठून आलात?

मी काही म्हणायच्या आत बायको बोलायला लागली. मराठीतच. आमचंही घर पडलं होतं. आजी चुलीजवळच्या खोलीत होती. माझा भाऊ तीन वर्षांचा होता, त्याच्या अंगावर तुळई होती, तो दादा-दादा म्हणून ओरडत होता. शेजारच्या काकांनी त्याला काढलं, टिकाव सापडेना म्हणून हातांनी. त्यांच्या घरातली दोन माणसं तेव्हा खालीच होती. पण आवाज याचा येत होता, म्हणून त्यांनी याला आधी काढलं. त्यांची माणसं दुपारी सापडली.

एवढं सलग ती आजवर माझ्याशी बोलली नव्हती. भाषांतर करताना माझा आवाज दोनदा अडकला. आजींनी तिचा हात धरला नाही, पाठीवर थोपटलं नाही. त्यांनी वही ओढली आणि विचारलं, त्या काकांचं नाव काय? बायकोनं सांगितलं. त्यांनी ते जपानी अक्षरांत लिहिलं, मोठ्यानं वाचलं, चुकलं, पुन्हा विचारलं. तिसऱ्या खेपेला बरोबर आलं. मग मान झुकवली. ते नाव मी इथं लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांना विचारून लिहीन.

कोबेत ढिगाऱ्याखाली अडकलेल्या सुमारे ३५ हजार माणसांपैकी जवळपास २७ हजारांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी बाहेर काढलं, असा अंदाज तिथं मांडतात. अग्निशमनवाले, पोलीस, सैन्य हे सगळे नंतर. नागाता भागात आगी लागल्या तर नळांना पाणी नव्हतं, पाइपलाइनच फुटलेल्या. जपानसारख्या देशात! म्हणजे पहिल्या काही तासांत सरकार नसतंच. शेजार असतो. कोबेनं हे मान्य केलं आणि तिथूनच आपली शिकवण उभी केली. वर्षभरात देशभरातून तेरा लाखांहून जास्त स्वयंसेवक आले, म्हणून १९९५ ला जपानी लोक स्वयंसेवेचं पहिलं वर्ष म्हणतात.

तिथून शहराच्या मध्यावरच्या हिगाशी युएनची बागेत गेलो. नगरपालिकेच्या इमारतीला लागून. बागेत एका पुतळ्याच्या हातातलं घड्याळ ५:४६ वर थांबलेलं आहे. काचेत एक गॅसची ज्योत आहे, भूकंपाच्या गावागावांतून आणलेल्या ज्योतींतून पेटवलेली. दरवर्षी १७ जानेवारीला पहाटे लोक तिथं जमतात, बांबूच्या नळ्यांत दिवे लावतात. आणि एक स्मारक आहे, जमिनीखाली उतरून जायचं. आत भिंतींवर नावंच नावं. नुसता आकडा नाही, प्रत्येकाचं नाव. आणि ही यादी बंद केलेली नाही. अजूनही दर वर्षाअखेरीस घरच्यांनी मागितली तर नवी नावं बसवतात. भूकंपानंतर काही वर्षांनी त्याच दुखण्यानं खचून गेलेला माणूससुद्धा त्या भिंतीवर येऊ शकतो.

बायको शिक्षिका असल्यामुळं तिला आणखी एक गोष्ट लागून राहिली. भूकंपानंतर थोड्याच दिवसांत कोबेतल्या एका प्राथमिक शिक्षकानं एक गाणं रचलं. ते तिथल्या शाळांत आजही शिकवतात. ज्या मुलांचे आईबापही तेव्हा लहान होते, ती मुलं ते म्हणतात.

आता, मी इथं जपानची आरती करायला बसलेलो नाही. दुपारी आम्ही पश्चिमेला नागाताला गेलो. चपला-बुटांच्या छोट्या कारखान्यांची ही कष्टकरी वस्ती, आगीत सगळ्यात जास्त जळाली. सरकारनं तिथं मोठाले टॉवर आणि व्यापारी संकुलं उभी केली. चौकात एका प्रसिद्ध कार्टूनमधल्या लोखंडी राक्षसाचा प्रचंड पुतळा आहे, गिऱ्हाईक यावं म्हणून २००९ मध्ये उभारलेला. पुतळ्याभोवती माणसं होती. संकुलाच्या आतल्या गाळ्यांना मात्र ओळीनं शटर. तिथं रविवारी दुपारीसुद्धा आमच्याच पावलांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

तात्पुरत्या घरांचंही तसंच झालं. सोडत काढून घरं वाटली, म्हाताऱ्यांना आधी दिली. हेतू चांगला. पण त्यानं गल्ल्या फुटल्या. जे शेजारी एकमेकांना उपसून काढत होते ते शहराच्या चार कोपऱ्यांत गेले. त्या घरांत एकट्यानं मरून पडलेली, कोणाला कळलंच नाही अशी दोनशेहून जास्त माणसं सापडली. आणि पडलेलं खाजगी घर सरकारी पैशानं बांधून देता येत नाही, असं सरकार म्हणत होतं. लोकांनी सह्या गोळा केल्या, मोर्चे काढले, तेव्हा कुठं १९९८ मध्ये मदतीचा कायदा झाला. तो पुढच्या संकटग्रस्तांना लागू झाला. ज्यांनी भांडून मिळवला त्या कोबेकरांना मागून लागू झाला नाही.

आपल्याकडं घरं मिळाली, हे नाकारता येणार नाही. जागतिक बँकेचं कर्ज आलं, नवी गावठाणं आखली, रुंद रस्ते झाले. पण घर जमिनीच्या हिशोबानं मिळालं. भूमिहीनाला अडीचशे चौरस फूट, मधल्याला चारशे, मोठ्याला साडेसातशे. ज्याची जमीन जास्त त्याची ओळ वेगळी. बायकोच्या माहेरचं घर एका टोकाला गेलं, काकांचं दुसऱ्या. जुन्या गावात दोघांची भिंत एक होती. नव्या गावात मधे एवढा मोकळा रस्ता आला की रोजचं जाणं-येणं संपलं. कोबेत सोडतीनं जे केलं, ते आपल्याकडं सातबाऱ्यानं केलं.

रविवारी रात्री ओसाकाला परतलो. जेवणं झाल्यावर बायकोनं भावाला समोर बसवलं आणि त्याला कोणी काढलं ते सांगितलं. पस्तिशीचा माणूस. त्याच्या पायावर लहानपणापासून वण आहे. तो पडल्याचा आहे एवढंच त्याला माहीत होतं. आईनं कधी सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हटलं की आजीचं सांगावं लागलं असतं. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "काका आहेत का?" ते चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हा तो गावातच सुट्टीवर होता, घरापासून पाचशे पावलांवर. मयताला गेला नव्हता. कोण गेलंय हेच त्याला माहीत नव्हतं.

मित्रहो, एवढ्यासाठी ही सगळी पोस्ट लिहिली.

दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीला स्मृतिस्तंभाला मानवंदना होते, बंदुकीच्या फैरी झडतात. मी स्वतः कितीतरी वर्षं ती बातमी दिलीय. ती व्हावीच. पण कोबेत दोन दिवस फिरून मला वाटलं ते असं, की मानवंदना तारखेची आठवण ठेवते, माणसांची नाही. माणसांची आठवण ठेवायला तीन गोष्टी लागतात. नाव, जागा आणि सांगणारा. कोबेनं तिन्ही जपल्या. मोडका धक्का हौशी लोकांच्या वाटेतच ठेवला, नावं भिंतीवर घातली, आणि म्हाताऱ्यांना खुर्ची देऊन बसवलं. त्यांचेही कातारिबे आता संपत चाललेत, तिथंही ती काळजी आहेच. आपल्याकडं जे तेव्हा चाळिशीचे होते ते आज सत्तरी ओलांडून गेले. प्रत्येक अंत्यविधीबरोबर एकेक गल्ली जाते.

जपानकडं पैसा आहे, आपल्याकडं कुठं, असं कोणी म्हणू नये. कच्छचा भूकंप आपल्यानंतरचा, २००१ चा. भुजला भुजिया डोंगरावर स्मृतिवन झालं, २०२२ मध्ये खुलंही झालं, मृतांची नावं तिथं कोरलेली आहेत. म्हणजे आपल्या देशात होतं, मागणारे पाहिजेत. ती मागणी करूच, निवेदनं देऊच. पण नावं लिहायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. आणि घराचं सांगायचं तर, आज आपल्याच भागात जुन्या दगड-मातीच्या भिंतींवर नवे मजले चढताना दिसतात. मी ते रोज बघतो. ज्या पोराला माळवदाची गोष्ट कोणी सांगितली नाही, त्याला त्यात काही वावगं दिसणारच नाही.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर बायकोनं सातवीच्या वर्गाला एक गृहपाठ दिला. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तीन प्रश्न विचारायचे. त्या रात्री तुमचं घर कुठं होतं आणि शेजारी कोण होतं? तुम्हाला कोणी काढलं, किंवा तुम्ही कोणाला काढलं? घरातलं कोण गेलं, पूर्ण नाव काय? काही पोरं कोरी वही घेऊन आली, आजोबा बोललेच नाहीत म्हणाली. त्यालाही हरकत नाही. पण एकानं आजोबांकडून जुन्या गल्लीचा नकाशाच काढून आणला. सोळा घरं, वळणावर चिंच, मारुतीचा पार. प्रत्येक घरात माणसांची नावं, आणि गेलेल्यांच्या नावापुढं बारीक फुली.

त्या नकाशात दोन घरं रिकामी आहेत. आजोबांना आडनाव आठवतं, माणसांची नावं आठवत नाहीत. त्या गल्लीतले लोक आता पुण्यात आहेत, मुंबईत आहेत, कोणी सोलापुरात. ५२ गावांतल्या प्रत्येक गल्लीचं असंच असणार. ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचली असेल, तर घरी फोन लावा आणि ते तीन प्रश्न विचारा. जे कळेल ते मला इनबॉक्समध्ये पाठवा, लिहून नाही जमलं तर बोलून पाठवा. गावाचं नाव आणि गल्ली तेवढी आठवणीनं टाका. घरच्यांच्या परवानगीशिवाय एकही नाव छापणार नाही. वह्या शाळेत ठेवल्यात, कोणीही येऊन बघू शकतं.